अठरा पौंड सहा औंस

जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’मध्ये, सतराव्या प्रकरणाच्या शेवटी, एक मासा भेटतो. थेम्सकाठच्या एका लहानशा पबमध्ये, फायरप्लेसच्या कितीतरी वर, धूळ बसलेल्या काचपेटीत तो भिंतीवर लावलेला आहे. जात ट्राउटची, पण आकार असा की लेखकाला आधी तो कॉड वाटतो. हे प्रकरण मी तीनदा नीट वाचलं. पहिल्यांदा १९८५ साली पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर, दुसऱ्यांदा १९९८ साली खुद्द थेम्सच्या काठी आणि तिसऱ्यांदा या पावसाळ्यात, भोसरीत, घरच्या गॅलरीत बसून. दर वेळी त्या माशानं मला वेगळं काहीतरी दाखवलं. ते सांगायचं आहे.

माझी नोकरी मोजायची होती. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये मी तीस-बत्तीस वर्षं काढली. वीस अंशांवर ठेवलेली खोली, काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, स्लिप गेजचे लाकडी डबे, मायक्रोमीटर. बाहेर प्रेस धडधडत असायचे, आत पावलांचाही आवाज होऊ द्यायचा नाही. त्यामुळे पुस्तक वाचतानाही माझं लक्ष आकड्यांकडे जातं. आणि हे प्रकरण तर आकड्यांवरच उभं आहे.

प्रसंग असा. स्ट्रीटली नावाच्या गावी होडी बांधून जेरोम, जॉर्ज आणि हॅरिस हे तिघं मित्र दोन दिवस राहिलेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेरोम आणि जॉर्ज कुत्र्याला घेऊन वॉलिंगफर्डपर्यंत पायी जातात आणि परतताना नदीकाठच्या एका पबमध्ये टेकतात. आत मातीची लांब चिलीम ओढत एक म्हातारा बसलेला. बोलणं सुरू होतं हवेवरून. म्हातारा म्हणतो, आज छान दिवस होता. हे सांगतात, कालचाही छान होता. मग सगळे मिळून ठरवतात की उद्याचाही छान असणार. जॉर्ज पिकांबद्दल दोन बरे शब्द बोलतो. यात माहिती काहीच नाही, पण एसटी स्टँडवर शेजारी बसलेला अनोळखी माणूस ‘औंदा पाऊस कसा काय?’ विचारतो तेव्हा त्याला तरी माहिती कुठं हवी असते? तो बसायला जागा करून देत असतो. जेरोमनं ही जागा तीन वाक्यांत करून दिली आहे, आणि पुढचा सगळा खेळ त्या जागेत बसून होतो.

बोलणं जरा थांबतं आणि नजर माशावर जाते. किती वजनाचा असेल, असं जॉर्ज विचारतो. म्हातारा सांगतो, अठरा पौंड सहा औंस. येत्या महिन्याच्या तीन तारखेला सोळा वर्षं होतील, पुलाच्या जरा खाली, लहान मासळीचं आमिष लावून मीच धरला. एवढं बोलून तो रामराम करून जातो.

ते ‘सहा औंस’ बघा. सहा औंस म्हणजे १७० ग्रॅम. नुसते अठरा पौंड सांगितले असते तर ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला वाव राहिला असता. सहा औंस म्हटलं की तराजू दिसतो, त्याचा काटा दिसतो, काट्याकडे वाकून बघणारा माणूस दिसतो. तारखेचंही तेच. सोळा वर्षांपूर्वी, असं म्हणून तो थांबत नाही, पुढच्या महिन्याची तीन तारीख धरतो. स्टँडर्ड रूममध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट होती की उपकरण जेवढं दाखवतं तेवढेच आकडे लिहायचे, दशांशानंतर एक जास्तीचा आकडा लिहिला तरी तो खोटेपणा. म्हाताऱ्याचा खोटेपणा नेमका त्या जास्तीच्या आकड्यात आहे. जेरोमनं हे किती अचूक टिपलं आहे याची जाणीव मला नोकरीत मुरल्यावर झाली. होस्टेलवर मी नुसती हसले होते.

म्हातारा जातो आणि गावातला मालवाहू गाडीवाला दारात येतो, हातात बिअरचा मग. तोही माशाकडे बघतो. तुम्ही परगावचे, तुम्हाला कसं माहीत असणार, असं म्हणत तो सांगतो की पाचएक वर्षांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, लॉकच्या जरा खाली, हा मासा त्यानं पकडला. आणि तोही माशी लावून. वजन सव्वीस पौंड. बोलता बोलता तो लॉकबद्दल स्वतःलाच सुधारतो, म्हणजे तेव्हा तिथं जे लॉक होतं ते. ही पुस्ती मला फार मोलाची वाटते. नदीची पातळी जिथं बदलते तिथं होड्या वरखाली नेण्यासाठी दोन दरवाजांमधला जो हौद बांधतात ते लॉक. वॉलिंगफर्डच्या खालच्या अंगाला असं एक लॉक खरोखर होतं आणि ते १८८३ साली काढून टाकलं. पुस्तक आलं १८८९ साली. म्हणजे गाडीवाल्याची ‘पाचएक वर्षं’ बरोबर त्या मोडलेल्या लॉकच्या उंबरठ्यावर येऊन पडतात. नसलेल्या जागेची साक्ष कोण तपासणार? आणि तरीही ती जागा नकाशावर होती, गावातल्या प्रत्येकाला आठवत होती. त्याची थाप त्या गावच्या मातीतली आहे. बाहेरच्या माणसाला ती रचता आली नसती.

तिसऱ्यावर जेरोम वेळ घालवत नाही. तो येतो, भल्या पहाटे कसा धरला ते सांगतो, जातो. त्याच्या तोंडी वजनही नाही. लेखकाच्या हाताची ही सफाई आहे: दोन दावे सविस्तर झाले की तिसरा उरकायचा, म्हणजे चौथा पुन्हा निवांत ऐकता येतो. चौथा येतो तो गंभीर चेहऱ्याचा, अंगानं भरलेला, मध्यमवयीन. खिडकीशी बसतो, गप्प. आता जॉर्जच त्याला विचारतो, की हा मासा तुम्ही कसा पकडलात? त्याला आश्चर्य वाटतं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? कुणी नाही, आम्हाला वाटलं. मग तोही सांगतो. अर्धा तास झुंज, काठी मोडली, घरी नेऊन काळजीपूर्वक वजन केलं, चौतीस पौंड.

अठरा, सव्वीस, चौतीस. किलोत मांडलं तर आठ किलो ३३५ ग्रॅम, मग पावणेबारा किलोच्या जरा वर, मग साडेपंधराच्या जवळ. सहा औंस सोडले तर दर खेपेला आठ पौंडांची वाढ. जेरोमनं हे मोजून केलं असेल की हाताच्या सवयीनं झालं असेल, माझ्यासाठी दोन्ही सारखंच सुंदर आहे. याच प्रकरणात आधी एका सज्जन तरुण मासेमाराची हकिगत येते. त्यानं पंचवीस टक्क्यांहून जास्त फुगवायचं नाही असा नियम केला होता. पण दिवसाला तीनच्या वर मासे त्याला कधी मिळाले नाहीत आणि तीन माशांत पंचवीस टक्के घालता येईनात. म्हणून तो तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांशावर गेला, मग दुपटीवर आणि शेवटी एक मासा म्हणजे दहा, शिवाय सुरुवातीचे दहा वेगळे, यावर स्थिरावला. तो गृहस्थ नियमानं चुकतो. दर वेळी सारखीच चूक करणारं उपकरण आम्ही फेकत नसू, चुकीचा आकडा त्याच्या पेटीवर चिकटवून वापरत असू. पबमधल्या लोकांना असा तक्ता लावता येणार नाही. तिथं प्रत्येकाचा काटा वेगळा.

शेवटी पबचा मालक येतो. पाहुण्यांनी सांगितलेलं ऐकून पोट धरून हसतो. चौघांची नावं घेतो, त्यातल्या एकालाच ‘मिस्टर’ लावतो. तो खिडकीतला गंभीर माणूसच असणार. मग तो ‘खरी’ हकिगत सांगतो. मासा त्यानं स्वतः धरला, लहानपणी, शाळा बुडवून, झाडाच्या फांदीला दोरी बांधून. या हकिगतीत वजन नाही. तोवर तीन आकडे ऐकलेल्या वाचकाला त्यामुळेच ती खरी वाटू लागते. मालक मोजतो ते वेगळंच: घरी बसणारा मार त्या माशानं वाचवला आणि मास्तरही म्हणाले की त्रैराशिकापेक्षा हे बरं. पाच थापांमधली ही सगळ्यांत कसलेली थाप आहे आणि ती मालकाच्या तोंडी देण्यात जेरोमचं कौशल्य आहे. पब चालवणाऱ्यानं गिऱ्हाइकांच्या गोष्टी वर्षानुवर्षं ऐकल्या आहेत. आकडा कुठं टाळायचा हे त्यालाच ठाऊक असणार.

मग जॉर्ज मासा जवळून बघायला खुर्चीच्या पाठीवर चढतो. खुर्ची घसरते, तोल सावरायला तो काचपेटी धरतो, पेटी खाली, त्यावर जॉर्ज, त्यावर खुर्ची. माशाच्या ठिकऱ्या उडतात. पेंढा भरलेल्या माशाच्या अशा ठिकऱ्या का व्हाव्यात? कारण तो पेंढ्याचा नव्हताच. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा होता. इथं प्रकरण संपतं. मालक काय म्हणाला, भरपाई झाली का, त्या चौघांना कळलं का, एक अक्षर नाही.

हा मजकूर ज्या माणसानं लिहिला त्याचं बालपण फार हलाखीत गेलं. जेरोमचा जन्म १८५९ साली वॉल्सॉलला झाला. पंधरासोळाव्या वर्षापर्यंत आईबाप दोघं गेले. पोटासाठी तो लंडनमध्ये रेल्वेत लागला आणि रुळांकडेला सांडलेला कोळसा गोळा करायचं काम त्यानं केलं. पुढं फिरत्या नाटक मंडळीत नट, मग पत्रकार, शाळामास्तर, वकिलाकडे कारकून. जॉर्जचं मूळ माणूस बँकेतलं, हॅरिसचं मूळ माणूस छपाईचे ठोकळे करण्याच्या धंद्यातलं. आठवडाभर राबून रविवारी रेल्वेनं नदीवर जाणाऱ्या पिढीतले हे तिघं. म्हणून त्यांना नदीची ओढ आहे. ज्याचा जन्म काठावर गेला त्याला नदी अशी दिसत नाही.

१८८८ च्या उन्हाळ्यात जेरोमचं लग्न झालं आणि मधुचंद्रासाठी नवराबायको लहान होडीतून थेम्सवर गेली. परत येऊन तो लिहायला बसला. त्याच्या मनात होतं ते थेम्सचं गंभीर पुस्तक: काठची गावं, त्यांचा इतिहास, निसर्ग. अधूनमधून चवीला थोडा विनोद. लिहिताना विनोदच पुढं धावला आणि ‘होम चाइम्स’ मासिकाच्या संपादकांनी इतिहासाचा बराच भाग काढून टाकला. पण थोडा उरला, आणि मला तो उरलेला भागही आवडतो. बहुतेक वाचक तो ओलांडून जातात. मी म्हणेन, थांबावं. सॉनिंगच्या ‘बुल’चं वर्णन वाचावं: चर्चमागचं जुनं घर, पुढं हिरवळीचं अंगण, झाडाखाली बाकं, संध्याकाळी तिथं जमून एल या बिअरचे घोट घेत गावच्या राजकारणावर बोलणारी म्हातारी माणसं. एल काढून घेतलं तर हा आपल्याकडचा पार झाला. क्लिफ्टन हॅम्पडनच्या ‘बार्ली मो’वर तर त्याचा विशेष जीव. गवताचं छप्पर, जाळीच्या खिडक्या आणि छत इतकं बुटकं की कादंबरीतल्या उंच नायिकेला मान ताठ करता येऊ नये. एका खोलीत पायरी उतरून जायचं, दुसरीत चढून. पिऊन आलेल्यानं कसं चालावं, अशी काळजी तो करतो. गंमतीच्या आतून किती प्रेमानं तो ते घर बघतो आहे! पायऱ्या त्यानं पायांनी लक्षात ठेवल्या आहेत.

आणि किंग्स्टनच्या प्रकरणातली ती कल्पना. लंडनच्या आसपास जो तो पब सांगतो की एलिझाबेथ राणी इथं राहिली होती. जेरोम म्हणतो, समजा आपला हॅरिस उद्या पंतप्रधान झाला आणि वारला, तर त्यानं जिथं जिथं पेला रिकामा केला तिथं पाट्या लागतील. मग अशा जागा इतक्या निघतील की ज्या एका पबात हॅरिस कधी गेलाच नाही तोच नावाजला जाईल. पाटीवरचा मोठा माणूस आणि बाकावरचा साधा माणूस यांत जेरोम कुणाच्या बाजूला आहे, हे इथं कळतं.

१९९८ च्या शरद ऋतूत कंपनीनं मला सीएमएम, म्हणजे तीन अक्षांवर मोजणारं यंत्र, शिकायला रेडिंगला पाठवलं. तीन महिने. रविवार मोकळे. एका रविवारी मी गाडीनं गोरिंगला उतरले, पूल ओलांडून स्ट्रीटलीत गेले. तिथला ‘बुल’ होता तसा होता. पुस्तकात तिघांनी, आणि विशेषतः त्यांच्या कुत्र्यानं, तिथं समाधानानं जेवण केलेलं आहे. तिथून नदी धरून चालत वॉलिंगफर्ड. वाटेत मोल्सफर्डला ब्रुनेलनं बांधलेला विटांचा रेल्वेपूल लागतो. नदीला तिरका असल्यामुळे त्याच्या कमानींतल्या विटा पिळलेल्या दिसतात. खाली उभं राहून वर बघितलं तर दोरखंड वळून ठेवल्यासारखं वाटतं. मी तिथं बराच वेळ उभी होते. आमच्या दापोडीच्या पुलाखाली मी असं कधी उभी राहिले नव्हते, हे तेव्हा मनात आलं.

वॉलिंगफर्डला पोचले तोवर पाऊस लागला. लांबच लांब दगडी पूल, किल्ल्याच्या जागी हिरवे उंचवटे, आरपार दिसणाऱ्या कळसाचं चर्च. अगाथा ख्रिस्ती १९३४ पासून १९७६ पर्यंत याच गावाच्या टोकाला राहायची. भिजले होते म्हणून एका पबमध्ये शिरले. दारू पीत नव्हते, आजही पीत नाही. दारात दोन क्षण पाय अडला, कारण भोसरीत मी अशा दारातून कधी आत गेले नव्हते. आमच्याकडे त्याला परमिट रूम म्हणतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला परवाना लागतो, त्यावरून पडलेलं नाव. काळी काच, आत जाणारे पुरुष, बाहेर उभ्या मोटारसायकली. एमआयडीसीतून सुटून घरी जाताना अशा डझनभर दारांवरून मी वर्षानुवर्षं गेले, आत काय बोलणं चालतं ते मला ठाऊक नाही. वॉलिंगफर्डच्या त्या पबमध्ये मात्र काउंटरपाशी जाऊन मी लेमोनेड मागितलं आणि कुणी मान वळवली नाही. फायरप्लेसशेजारी एक आजी बसल्या होत्या, पायाशी ओला कुत्रा, पुढ्यात अर्धा पाइंट. त्या म्हणाल्या, आज फारच भिजवलं. मी म्हटलं, सकाळी बरं होतं. त्या म्हणाल्या, उद्या उघडेल. आणि सरकून त्यांनी मला शेकायला जागा करून दिली. मी मनात जेरोमची ती तीन वाक्यं मोजत होते.

भिंतीवर मासा नव्हता, शिकारीची जुनी चित्रं होती. तास-दीड तास बसले. मालकीणबाई टेबलं पुसता पुसता प्रत्येकाशी नावानं बोलत होत्या. आज सत्तावीस वर्षांनंतर त्या गावाचे रस्ते मला नीट आठवत नाहीत, पण पबच्या लाकडाला येणारा बिअरचा आणि ओल्या लोकरीचा मिळून झालेला वास आठवतो, काउंटरवरचं ओलं फडकं आठवतं, आणि बाहेर पडताना आजींनी कुत्र्यालाही माझा निरोप घ्यायला लावला ते आठवतं.

तिथंच मला जाणवलं की जेरोमच्या त्या पबमध्ये एकही बाई नाही. चार दावेदार, मालक, दोन पाहुणे, सगळे पुरुष. त्या प्रकरणातली बाई आहे स्ट्रीटलीची धोबीण. नदीत कपडे धुवायचा प्रयोग फसल्यावर तिघं तिच्याकडे गाठोडं नेतात. ती तिप्पट पैसे घेते आणि सांगते की हे धुणं नव्हतं, खोदकाम होतं. प्रकरणाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मासा. ती एवढीशीच आहे, पण प्रकरणात खरं मोजमाप तिनंच केलं आहे: कामाचं मोजमाप, आणि त्याचे पैसे रोख. तीन मासेमारांच्या आकड्यांपुढं तिचा हा एक आकडा मी कायम ठेवून वाचते.

इकडं आमच्या घरातही एक मासा होता. थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, माळकरी. दर एकादशीला देहूला जात. मासा खाणं तर दूर, धरण्याचा विचारही त्यांना शिवला नसता. पण देहूच्या डोहातल्या माशांबद्दल बोलायला लागले की भैरवनाथाच्या देवळापुढं बसलेली मंडळी गप्प होत. नाना कणकेच्या गोळ्या करून न्यायचे. म्हणायचे, एक मासा मला ओळखतो, घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी येतो, हातातून खातो. केवढा? नाना उजवा हात पुढं करायचे आणि डावा तळवा त्यावर आडवा ठेवायचे: इथपासून इथपर्यंत. मी दुसरीत होते तेव्हा तळवा मनगटाच्या जरा वर होता. दहावीत गेले तेव्हा कोपरावर. नाना थकले, देहूला जाणं सुटलं, तेव्हा तो दंडाच्या अर्ध्यावर पोचला होता. कुणीही त्यांना अडवलं नाही. हरिपाठ झाल्यावर उठता उठता कुणीतरी मुद्दाम विचारायचं, ‘नाना, मासा काय म्हणतोय?’ आणि सगळे पुन्हा खाली बसायचे.

तसे मासे या नद्यांत होते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची जी नोंद केली त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेला एक महाशीर आहे. त्याचं शास्त्रीय नावच त्यांनी इथल्या बोलीतल्या नावावरून ‘खुडरी’ ठेवलं, साल १८३९. त्याच वर्षी थेम्सवर हेन्लेला होड्यांची शर्यत सुरू झाली. महाशीर हाताएवढाच काय, माणसाएवढाही वाढतो. लोणावळ्याला, जिथून आमची इंद्रायणी येते तिथं, टाटांच्या वीज कंपनीनं महाशीरची पिल्लं वाढवून देशभर पाठवली. महाडकडच्या वाळण कोंडीत तर देवीचे मासे म्हणून ते आजही राखलेले आहेत. म्हणजे नानांचा तळवा जिथं थांबला त्याच्याही पुढं जायला निसर्गात वाव होता. पण आता मोशीच्या पुलावरून खाली बघितलं की काही दिवशी पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस दिसतो, आषाढीच्या तोंडावर तर त्याचे फोटो पेपरात येतात. मासा काय म्हणतोय, हे विचारायलाही आता पायरीवर उतरवत नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो.

नाना आणि तो चिलीमवाला म्हातारा यांच्यात फरक एवढाच की नानांच्या गोष्टीत गळ नाही. बाकी सगळं तेच. मासा एकाचा नसतो, ऐकणाऱ्यांचाही असतो. जेरोमच्या त्या पबमध्ये पाचही जणांनी एकच मासा पकडलेला आहे, आणि मला नाही वाटत की त्यांना एकमेकांच्या थापा माहीत नव्हत्या. एक जण उठून गेल्यावरच दुसरा सुरू करतो. कुणी कुणाच्या तोंडावर खोडून काढत नाही. मालक हसतो, पण त्या हसण्यात राग नाही. मासा सार्वजनिक आहे आणि प्रत्येकाची पाळी आहे. परगावचा कुणी आला की पाळी मिळते. हे मला या तिसऱ्या वाचनात दिसलं.

राहिलं प्लॅस्टर. मराठी वाचकाला प्लॅस्टर ऑफ पॅरिस समजावून सांगावं लागत नाही. अनंत चतुर्दशीनंतर मोशीच्या घाटावर त्याचे तुकडे आपण पायाखाली पाहिले आहेत. इंग्रज वाचक तिथं हसतो, कारण मासा खोटा निघाला. जेरोमलाही तेच हवं आहे आणि त्याच्या गंमतीसाठी ते तसंच असायला हवं. पण माझ्या मनात एक प्रश्न राहून गेला. त्या काळात इंग्लंडमध्ये मोठ्या माशांचे प्लॅस्टरचे ठसे घेण्याची रीत होती. फ्रँक बकलंड नावाच्या सरकारी मत्स्य-निरीक्षकानं तर असे कितीतरी ठसे घेऊन रंगवले आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात मांडले. तो १८८० साली वारला, म्हणजे जेरोमच्या होडीच्या आधी फार तर आठ-नऊ वर्षं. मग प्लॅस्टरचा मासा म्हणजे खोटा मासा, हे ठरवायचं कसं?

आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या विभागात, एक मिस्त्री होते, मूळचे पेणचे. सागवानी पॅटर्न करण्यात त्यांचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता, आणि घरी भावाचा गणपतीचा कारखाना असल्यानं साच्यांचं त्यांना उपजत कळायचं. निवृत्तीनंतर ते दिघी रोडला राहतात. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. चहा झाल्यावर ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून सांगितली. ते मध्ये एकदाही हसले नाहीत, ऐकत राहिले. मग विचारलं, ‘खवले दिसत होते का, मॅडम?’

पुस्तकात खवल्यांचं काही नाही. पण चार जण आणि दोन पाहुणे, एवढ्या वेळ बघूनही कुणाला तो पेंढ्याचा नाही अशी शंका आली नाही, म्हणजे दिसत असणार, असं मी म्हटलं.

‘मग मासा खरा होता,’ मिस्त्री म्हणाले. ‘एवढे खवले हातानं कोरत कोण बसेल? खरा मासा अर्धा वाळूत पुरायचा, वरून साबणाचं पाणी लावायचं, प्लॅस्टर ओतायचं. तो झाला साचा. त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतलं की मासा तयार. भिंतीवर काचेत लावायचा तर एकच बाजू बास.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आपलं ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मोठा करतो ना आपण? प्लॅस्टरचं उलटं. ते धरताना किंचित फुगतं. म्हणजे तो भिंतीवरचा मासा पाण्यातल्यापेक्षा केसभर मोठाच असणार.’

मी विचारलं, वजन किती असेल?

‘ते नाही सांगता येणार. साच्यातून लांबी मिळते, वजन नाही मिळत. लांबी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती, तिच्याबद्दल कोण काय बोलणार? वजनाचंच काय ते बोलता येत होतं.’

मग त्यांनी मला विचारलं की ट्राउट म्हणजे साधारण केवढा मासा. मी म्हटलं, नेहमीचा हातभरही नसतो, पण हा मोठा होता. ‘म्हणजे एवढा?’ असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढं केला आणि डावा तळवा त्यावर आडवा ठेवला, कोपरापाशी. माझ्या उत्तराची वाट बघता बघता तो तळवा दोन बोटं वर सरकला.